खडूच्या रेघा कुणी पुसल्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "लालबागच्या एका चाळीच्या पुनर्विकासावर मी एकांकिका लिहिली आहे. त्यात धुणीभांडी करणारी एक बाई आहे. जिन्याखालच्या खोलीत तिची तीस वर्षं गेली, पण कागदपत्रं नाहीत म्हणून ती अपात्र ठरली. ती शिव्या देते. ग्रुपमधले ज्येष्ठ म्हणतात, शिव्या काढ, राजकारण काढ, निव्वळ कला कर. बाकीचे म्हणतात, बिल्डरला उघडा पाडला नाहीस तर हे नाटक करणंच अनैतिक आहे. आणि ही बाई खरी आहे, आमच्याच चाळीतली. नीती, राजकारण आणि कला यांचं नातं मी कसं समजून घेऊ?"

मी 1983 पासून मुंबईत नाटक करतो आहे. दादरला छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक रंगमंचावर खुर्च्या मांडण्यापासून सुरुवात केली, पुढे प्रकाशयोजना केली, मग दिग्दर्शन. तुझ्या पत्रात मला तीन प्रश्न दिसतात. त्यातला जो तू जाता जाता शेवटी लिहिला आहेस, "ही बाई खरी आहे", तोच मला सर्वांत मोठा वाटतो. पण आधीचे दोन बाजूला केल्याशिवाय त्याच्याकडे नीट बघता येणार नाही.

शिव्यांपासून सुरुवात करू. आपल्या राज्यघटनेच्या कलम 19(2) मध्ये अभिव्यक्तीवर कोणकोणत्या कारणांनी निर्बंध घालता येतात ते लिहिलं आहे. त्या यादीत "सभ्यता अथवा नीतिमत्ता" असे शब्द आहेत. त्यातला 'अथवा' नीट वाच. सभ्यता वेगळी आणि नीती वेगळी, हे तिथे तरी मान्य केलेलं आहे. नाटकाच्या धंद्यात मात्र पावलोपावली या दोन गोष्टींची गल्लत होते. नीती बिघडली म्हणून जी ओरड होते, ती बहुतेक वेळा सभ्यतेला धक्का बसल्याची असते.

'सखाराम बाइंडर' घे. 1972 साली विजय तेंडुलकरांचं हे नाटक आलं आणि परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळाने त्यात 32 ठिकाणी कात्री लावायला सांगितली. दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले, लढले आणि जिंकले. बाहेर गदारोळ कशावरून होता? सखारामच्या शिव्यांवरून, चंपाच्या दारूवरून, तिने रंगमंचावर साडी बदलण्यावरून. आता त्याच नाटकातला गणपतीच्या आरतीचा प्रसंग आठव. सखारामचा मित्र दाऊद आरतीला उभा राहतो. देवभोळी, सोशिक, तोंडातून कधी वाकडा शब्द न काढणारी लक्ष्मी त्याला हरकत घेते, मुसलमानाने आरती म्हणायची नाही म्हणते. आणि तोंडाचा फाटका सखाराम त्यावरून तिला मारतो. इथे नीतिमान कोण? दाऊदला आरतीत जागा देणारा माणूस बाईवर हात उगारतो, आणि मार खाणारी बाई दुसऱ्या माणसाला देवासमोरून उठवू पाहते. प्रेक्षकाला कुणाच्याही बाजूने निवांत बसता येत नाही. मराठी रंगभूमीवर नीतीचा याहून अवघड प्रश्न मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. पण चर्चा झाली ती साडीची.

असाच अनुभव मला स्वतःला आला, लहान प्रमाणात. नव्वदच्या दशकात एका स्पर्धेसाठी आम्ही सफाई कामगारांच्या वस्तीवरची एकांकिका बसवली होती. आयोजकांनी संहिता परत पाठवली ती सात शब्दांखाली लाल रेघा मारून. पाचव्या पानावर नवरा बायकोच्या थोबाडीत देतो आणि त्यावर हशा यावा अशीच त्या प्रसंगाची रचना होती. तिथे एकही लाल रेघ नव्हती. स्पर्धा हातची जाऊ नये म्हणून मी शब्द बदलले. एका शिवीच्या जागी 'मेल्या' घातलं. ते वाक्य ज्या मुलीच्या तोंडी होतं, ती स्वतः महापालिकेच्या सफाई कामगारांच्या वसाहतीत वाढलेली. तालमीत तिने दोन वेळा 'मेल्या' म्हणून पाहिलं आणि थांबली. म्हणाली, "सर, मेल्या तुमच्याकडे म्हणतात. आमच्याकडे नाही म्हणत." मी तरीही तो शब्द ठेवला. त्या थोबाडीतल्या प्रसंगाचा विचार तर माझ्याही डोक्यात आला नव्हता. तो प्रयोग आठवला की आजही मला याच दोन गोष्टी टोचतात.

तुझ्या बाईच्या शिव्यांची परीक्षा त्यामुळे एकच: ती कुणाला शिवी देते, आणि त्या क्षणी तिच्यापाशी दुसरं काही शिल्लक आहे का? तुझ्या संहितेत ती पहिल्या प्रवेशात चार शिव्या देते. त्यातल्या तीन प्रेक्षकांना हसवण्यासाठी आहेत. त्या काढ. ज्येष्ठांना त्या खटकतात म्हणून नव्हे, त्यात तू तिला विदूषक केलं आहेस म्हणून. सर्वेक्षणवाला "तुमचं नाव यादीत नाही" म्हणतो तेव्हाची शिवी मात्र कुणी कितीही सांगितलं तरी काढू नकोस. तिथे ती शिवी हाच तिचा एकमेव कागद आहे.

कायद्याचीही थोडी माहिती तुला हवी, कारण जाहीर प्रयोग करायचा तर महाराष्ट्रात आजही संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. हे मंडळ 1954 पासून आहे आणि त्याच्या अधिकाराचं मूळ पोलिसांच्या कायद्यात आहे. नाटक हा मुळात बंदोबस्ताचा विषय आहे, ही समजूत त्यामागे आहे. अमोल पालेकरांनी 2016 मध्ये या पूर्वपरीक्षणालाच उच्च न्यायालयात आव्हान दिलं. माझं मत विचारशील तर प्रयोगाआधी संहिता तपासण्याची पद्धत जावी. कुणाची बदनामी झाली, कुणी हिंसेला चिथावणी दिली, तर त्यासाठी नंतर दाद मागायचे कायदे आहेत, ते पुरेसे आहेत.

न्यायालयांनी या बाबतीत हळूहळू वाट काढली आहे. 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. दंडाधिकाऱ्याने लेखकाला सोडलं, पण उच्च न्यायालयात तो दोषी ठरला. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. सुटे उतारे काढून न दाखवता लेखन अखंड वाचावं आणि काळाबरोबर समाजाची मोजमापं बदलतात हे लक्षात घ्यावं, असा त्या निकालाचा रोख होता. एका दिवाळी अंकातल्या कथेसाठी सात वर्षं! उलट वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या प्रकरणात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशकाला मोकळं केलं, पण थोर ऐतिहासिक पुरुषाच्या तोंडी असे शब्द घालण्याचं मोजमाप अधिक कडक असेल असं म्हणत कवीवरचा खटला चालू ठेवला. हा निकाल मला पटलेला नाही. कवितेतला गांधी म्हणजे पोरबंदरला जन्मलेला माणूस नव्हे. आपण त्याचं काय करून ठेवलं ते तो कवितेतून बोलतो.

आता राजकारण.

"राजकारण नको, कला करा" हा सल्ला आपल्याकडे जुना आहे, आणि तो कुणाला दिला जातो हे बघण्यासारखं असतं. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणी कामगारांच्या वस्त्यांत, मैदानांत हजारोंच्या गर्दीपुढे ते तमाशाच्या घाटात खेळ करायचे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, तमाशावर बंदी आणली. कारण सांगितलं अश्लीलतेचं. द्व्यर्थी लावणीवर उगारलेली छडी कामगारांच्या कलापथकांच्या पाठीवरही पडली. अण्णा भाऊंनी मग त्याच घाटाला 'लोकनाट्य' म्हटलं आणि काम चालू ठेवलं. नीतीच्या नावाखाली राजकारण कसं चालतं ते समजून घ्यायला मला दुसरं पुस्तक वाचावं लागलं नाही.

आणखी मागे जा. खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 चं. त्यात व्हाइसरॉय कर्झनचं नाव कुठेही नाही. विराटाचा दरबार, सैरंध्री, भीम, सगळं महाभारतातलं. पण प्रेक्षकांनी कीचकात कर्झन पाहिला आणि द्रौपदीत देश पाहिला, आणि 1910 मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. त्या बंदीमागचा 1876 चा नाट्यप्रयोग कायदा आपल्या संसदेच्या हातून रद्द व्हायला 2018 उजाडलं. सांगायचा मुद्दा हा की राजकारण संहितेत शोधून सापडत नाही. ते समोर बसलेल्या माणसांच्या मनात आधीच असतं, प्रयोग त्याला हात घालतो. तुझ्या ज्येष्ठांनी सगळे 'राजकीय' संवाद काढले, तरी लालबागच्या प्रेक्षकासमोर 'ट्रान्झिट कॅम्प' (पुनर्विकासात तात्पुरतं राहायला देतात ती वसाहत) एवढे दोन शब्द उच्चारले की नाटक राजकीय झालंच. तिथे बसलेल्या प्रत्येकाला कुणीतरी आठवणार आहे, गेलेलं आणि परत न आलेलं.

दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाही माझं ऐकायला सांग. बिल्डरला उघडा पाडला म्हणजे नाटक नैतिक झालं, असं होत नाही. तुझा बिल्डर सोन्याची चेन घालतो, तंबाखू मळतो, बायकांकडे वाईट नजरेने बघतो. असा माणूस दिसला की प्रेक्षक सुटतो. 'मी असा नाही' म्हणून टाळ्या वाजवतो आणि घरी जाऊन आपल्या सोसायटीच्या सभेत जिन्याखालच्या माणसाविरुद्ध हात वर करतो. तुझ्या चाळीत त्या बाईला यादीतून कुणी वगळलं? बिल्डरने एकट्याने नाही. कमिटी होती, ठराव होता, सह्या होत्या. तिच्या हातची भांडी ज्यांच्या घरात आहेत त्यांच्या सह्या. "सगळ्यांना सामावून घेतलं तर आपल्या वाट्याचे चौरस फूट कमी होतील" हे वाक्य कुणीतरी शांतपणे, चहा पिता पिता म्हटलं असणार. ते वाक्य लिही. ज्याने म्हटलं त्याला चांगला माणूस कर. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आहे, घर एकाच खोलीचं आहे, त्याची अडचण खरी आहे. बिल्डरलाही त्याचा सर्वांत चांगला युक्तिवाद दे: चाळ खरंच पडायला आली आहे, जिन्याच्या लाकडाला वाळवी आहे, पुढच्या पावसात कोण जबाबदार? मग बघ प्रेक्षकांत कशी शांतता पसरते.

फडके-खांडेकरांपासून 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' या वादात आपण इतकी शाई घालवली की ही साधी गोष्ट मागे पडली. देवलांची 'शारदा' 1899 ची. म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचं नाटक, उघड उघड सुधारणेच्या बाजूचं. (1929 चा 'सारडा कायदा' या नाटकावरून आला असं अनेकांना वाटतं. ते नाव हरबिलास सारडा यांचं.) नाटक टिकलं कारण देवलांनी कांचनभट, म्हणजे पैशांसाठी मुलगी विकणारा बाप, घरातला माणूस म्हणून लिहिला. त्याच काळात स्त्रीशिक्षणाची टवाळी करणारी नाटकंही मराठीत होत होती. चुकीच्या बाजूचं नाटक रंगणारच नाही, असा नियम नाही. रंगलं की लोकांनी मिटक्या मारत पाहिलेलं आहे. म्हणून 'कला उत्तम म्हणजे नीती उत्तम' असं समीकरण मी मांडणार नाही. कलेचं क्षेत्र स्वतंत्र आहे, हे मराठीत मर्ढेकरांइतकं काटेकोरपणे दुसऱ्या कुणी मांडलं नसेल. त्यांच्याच 'काही कविता'वर मुंबईत अश्लीलतेचा खटला भरला गेला. ते निर्दोष सुटले, पण त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागलीच.

आणि तत्त्व मांडायचं तर ते आपल्याला न आवडणाऱ्या नाटकालाही लागू करावं लागतं. 1998 मध्ये गांधींच्या मारेकऱ्याच्या तोंडून बोलणारं नाटक शासनाने थांबवलं तेव्हा आमच्यातले बरेच जण गप्प बसले. मला त्या नाटकाची बाजू घृणास्पद वाटते. तरी ते थांबवणं चूक होतं असं मी तेव्हा म्हटलं आणि काही मित्र दुरावले. आजही तेच म्हणेन.

आता ती बाई.

1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले ते बहुतेक परत आत गेलेच नाहीत. आमच्या चाळीत एक मावशी खाणावळ चालवायच्या. साताऱ्याकडच्या, नवरा गेलेला. वीस-बावीस गिरणी कामगार त्यांच्याकडे दोन वेळ जेवायचे, पगार झाला की पैसे द्यायचे. संपात पैसे थांबले, मावशींनी जेवण थांबवलं नाही. दाराच्या आतल्या बाजूला त्या खडूने रेघा मारायच्या, प्रत्येकाच्या नावाने एक रांग. नाव लिहिता येत नव्हतं म्हणून खुणा: एकाला टोपी, एकाला विळा, एकाला मासा. माणसं एकेक करून गावी गेली. रेघा राहिल्या.

1991 मध्ये मी त्यावर नाटक केलं. शेवटच्या प्रवेशात ती खाणावळवाली ओल्या फडक्याने सगळ्या रेघा पुसते, एकही शब्द न बोलता. पिवळा प्रकाश, मागे दूरवर भोंगा. हुकमी टाळ्या. परीक्षणांत त्या प्रसंगाचं कौतुक आलं, 'क्षमाशीलतेचं विराट दर्शन' अशा शब्दांत.

परळच्या दामोदर नाट्यगृहात प्रयोग होता, मावशींना मी मानाने पहिल्या रांगेत बसवलं. प्रयोगानंतर त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर भेटल्या. म्हणाल्या, "म्या न्हाई पुसलं ते. माजं पैसं यायचं हायेत अजून."

मी काय केलं होतं ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. जिवंत बाईचं येणं मी तिच्या वतीने माफ करून टाकलं होतं, तिला न विचारता, टाळ्यांसाठी. हा नीतीचा गुन्हा झाला. त्या रेघांमधलं कर्ज खरं तर त्या बावीस माणसांचं नव्हतंच. ज्यांनी गिरण्या बंद ठेवल्या आणि पुढे त्या जमिनींचं सोनं केलं त्यांच्याकडे ते येणं होतं. बाईच्या हाताने ते पुसून मी त्यांना मोकळं केलं. ही राजकारणाची चूक झाली. आणि नाटक म्हणूनही तो शेवट खोटा होता, कारण इतकी हिशेबी, करारी बाई रेघा पुसणार नाही हे पहिल्या दोन अंकांत मीच लिहून ठेवलं होतं. चुका तीन, पण त्यांचं मूळ एकच: मी दार पाहिलं, दारामागच्या बाईला काय हवं आहे ते विचारलं नाही.

म्हणून तुला सांगतो, पुढच्या तालमीला तुझ्या बाईला बोलाव. परवानगीची सही घ्यायला नव्हे. तिच्या आयुष्यावर लिहायचा अधिकार तिच्या सहीने मिळत नाही आणि सही नसल्याने जातही नाही. लेखकाने फक्त स्वतःच्याच जातीचं, वर्गाचं लिहावं हे मला मान्य नाही. तसं झालं तर नाटक हा प्रकारच संपेल. पण ज्याचं आयुष्य घेतलं त्याला तोंड दाखवता आलं पाहिजे. ओळख पटेल असे तपशील बदल: धंदा बदल, गाव बदल, मुलांची संख्या बदल. तिला अजून त्याच कमिटीसमोर उभं राहायचं आहे, तुझ्या नाटकामुळे तिचं नाव यादीत लागण्याऐवजी कायमचं कटू शकतं. तिच्या पात्रतेचा निकाल लागेपर्यंत लालबागमध्ये प्रयोग करू नकोस, पार्ल्याला कर, ठाण्याला कर. याला कुणी कचखाऊपणा म्हणेल. धोका तुझ्या जिवावर असता तर मीही म्हटलं असतं.

एक छोटी गोष्ट, तुझ्या प्रश्नात नसलेली. तुमच्या तालमी रात्री साडेबारापर्यंत चालतात असं तू ओघात लिहिलं आहेस. ग्रुपमध्ये बदलापूरची एक मुलगी आहे आणि बॅकस्टेजची दोन पोरं आहेत. शोषणावरचं नाटक बसवताना त्या मुलीची शेवटची गाडी चुकत असेल, आणि प्रयोगाला कलाकारांना नाइट (प्रयोगाचं मानधन) मिळून त्या पोरांच्या हातात फक्त वडापाव पडत असेल, तर ते आधी दुरुस्त कर. अकराला तालीम संपव.

माझ्या त्या नाटकाचा शेवट पुढच्या प्रयोगापासून बदलला. बाई फडकं ओलं करते, दारापाशी जाते, रेघा मोजते आणि फडकं पिळून दोरीवर वाळत घालते. अंधार. टाळ्या कमी झाल्या, काही वेळा आल्याच नाहीत. मावशींना पुन्हा बोलावलं, त्या आल्या नाहीत. नव्या दारासाठी आम्हाला खऱ्या दाराचं माप हवं होतं, ते मात्र त्यांनी घेऊ दिलं. आमचा नेपथ्यकार टेप लावत होता, तेव्हा त्या मागे उभ्या होत्या. "टोपीवाल्याच्या एकशेचौदा हायेत," त्या म्हणाल्या, "नीट मोजून काढा."